टेन्शन गेलं

मामा,

तू शेवटचं जे बोललास ते मला नीट कळलं नाही, आणि आता विचारायला तू नाहीस.

शेडच्या दारात उभा राहून तू चिंधीनं बोटं पुसत होतास. माझा ऑफिसचा कॉल नुकताच संपला होता. मी बाहेर आले तर इंजिनाचं पुढचं झाकण बसलेलं, कडेनं काळं सीलंट दाबून बाहेर आलेलं. मी विचारलं, "झालं?" तू म्हणालास, "झालं. टेन्शन गेलं." मग म्हणालास, की सीलंट रात्रभर सुकू दे, उद्या सकाळी स्टार्टर मारू. आणि रोह्याची गाडी पकडायला स्टेशनकडे गेलास.

दुसरं कुणी असं म्हणालं असतं तर मी विचारही केला नसता. पण तू टेन्शनरला टेन्शनच म्हणायचास. मी पहिल्यांदा दुरुस्त केलं तेव्हा हसून म्हणालास, "तुमच्या इंग्लिश शाळेत शेवटचा र फुकट मिळतो. आमच्याकडं टेन्शन म्हणजे टेन्शन." त्यामुळे 'टेन्शन गेलं' म्हणजे काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. टेन्शनर जागेवर गेला? त्याची पिन निघाली? की नुसतीच तुझी काळजी मिटली होती?

या एका प्रश्नानं मला किती घाबरवलंय, ते तुला सांगायचंय.

तुझ्या गाडीतला तो आवाज तुलाच आधी ऐकू आला होता. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिली एक-दोन सेकंदं आतून खडखड यायची, डब्यात खिळे हलवल्यासारखी. मग गप्प. आई म्हणायची, "म्हातारी झाली गाडी, खोकणारच." तू मात्र बोनेटवर कान ठेवून उभा राहायचास. मला समजावून सांगितलंस, की आत चेन आहे, ती खालचा दांडा आणि वरची चाकं एका तालात फिरवते. ती सैल पडू नये म्हणून कडेनं दाबून धरणारा एक भाग असतो, तो थकलाय. चेनी दोन, एक आखूड, एक लांब, म्हणून टेन्शनही दोन. "आणि नाही बदलले तर?" मी विचारलं. "तर एक दिवस चेन दात सोडल. ताल चुकला की वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतील. मग इंजिन गेलं."

मी त्याच क्षणी म्हणाले होते, गॅरेजमध्ये देऊ या.

"गॅरेजवाल्याला काय चार हात असतात?"

"मामा, घरी नको. मला भीती वाटते."

"तुला मोबाईल वाजला तरी भीती वाटते, बाय. तुझं ऐकत बसलो तर मी रोह्याहून पेणला चालत यायचा."

गणपती जाऊन आईची शेड रिकामी झाली होती. जिथे महिनाभरापूर्वी रांगेनं मूर्ती उभ्या होत्या, तिथे तू गाडी लावलीस. जमिनीवर अजून शाडूचे पांढरे डाग होते. डोलवीच्या कंपनीत इतकी वर्षं फिटरचं काम केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर तुला बोल्ट उघडायला काहीतरी हवंच होतं. मला तू टॉर्च धरायला बसवलंस. इंजिनाचं मॅन्युअल माझ्या फोनवर होतं, मी ते वाचून मराठीत सांगायचे आणि तू म्हणायचास, "एवढं सगळं कशाला लिवतात? उघड, बघ, बसव."

मला आठवतं, तुझ्याजवळ बसून मी तासन्‌तास बोलले नाही तरी चालायचं. बाकी सगळे विचारतात, ही बोलत का नाही. शाळेत इंग्रजीत उत्तर देताना माझी जीभ अडायची आणि घरी आले की मराठीत अडायची. तू कधी विचारलं नाहीस. फक्त एकदा आईला म्हणालास, "टॉर्च धरणाऱ्यानं बोलायचं नसतं, उजेड हलतो." हे वाक्य मी तेव्हा ऐकलं नसल्यासारखं केलं होतं. त्याबद्दल तुला काही बोलायचं राहून गेलं.

चेन काढायच्या आधी खुणा करायच्या होत्या, कुठली कडी कुठल्या दातावर बसते त्याच्या. तू खडूनं करायला निघालास. मॅन्युअलमध्ये पेंट लिहिलंय, असं मी म्हणाले. तेव्हा आई तिचा डोळ्यांच्या आखणीचा ब्रश घेऊन आली. तो ब्रश ती मलाही हात लावू देत नाही. पण तुझ्या हातात तो जाऊ द्यायचाच नव्हता म्हणून ती स्वतः बोनेटखाली वाकली. पांढरा ऑइल पेंट घेऊन तिनं कडीवर आणि चाकावर ठिपके दिले. हात जराही हलला नाही. आणि सवयीनं, चाकावरच्या ठिपक्याच्या मध्ये काळं बारीक टिंब पण दिलं.

"अगं, खूण करायला सांगितली, डोळा नाय," तू ओरडलास.

"माझ्या हातून डोळाच होतो, दादा. आता बघतंय हो ते तुझ्याकडं. नीट काम कर."

तू इतका हसलास की खोकला आला.

आखूड चेनचा टेन्शनर माझ्यासमोर बसला. नवा टेन्शनर दाबून, पिन घालून येतो. तो बसवला की पिन ओढायची, मग आतला दट्ट्या सुटतो आणि चेन ताठ होते. तू म्हणालास, ओढ. मी नाही म्हणाले. तू माझं बोट धरून पिनच्या कडीत घातलंस. कट् असा आवाज झाला आणि मी टॉर्च टाकून दिला. तू पिन माझ्या तळहातावर ठेवलीस. "घे. एक टेन्शन तुझ्याकडं. दुसरं उद्या."

ती पिन माझ्याकडे आहे. तारेची, बोटाएवढी, एका टोकाला गोल. दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी तू लांब चेनचं काम केलंस तेव्हा मी आत कॉलवर होते. कानात हेडफोन होते. कट् ऐकू आलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी ते कितीदा तरी आठवून बघितलं. आता आठवायचा इतका प्रयत्न केलाय की कधीकधी ऐकू आल्यासारखंही वाटतं, आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवायची भीती वाटते.

सकाळी मी शेड उघडून बसले होते. तू यायच्या वेळेला आईचा फोन वाजला.

आम्ही रोह्याला पोचलो तेव्हा दवाखान्यात तुझ्यावर चादर होती. मामी पायाशी बसली होती, चादरीखाली हात घालून तुझा तळपाय धरून. येईल त्याला सांगत होती, "गरम हाय अजून." डॉक्टरला, आईला, मला. मलाही म्हणाली, "हात लाव गो, गरम हाय." मी लावला नाही. माझ्यानं झालं नाही. मग थोड्या वेळानं ती ते म्हणायची थांबली, पण हात काढला नाही.

तुझे दिवस झाल्यावर विषय गाडीचा निघाला. आईनं सुचवलं, की दुसऱ्या गाडीला दोर बांधून टोचन करून रोह्याला आणू, पुढचं पुढे बघू. मामी म्हणाली, "टोचन नको."

"अगं वहिनी, बंद आहे ती."

"वढत आणू नका तिला. एकाला आणलं तसं, चौघांनी. ती स्वतः चालत येऊ दे. अंगणात त्यांची जागा रिकामी, गाडीची पण रिकामी. मला दोन-दोन भोकं बघवत नायत."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण टॉर्च माझ्या हातात असायचा.

मामा, तेव्हा मला जे वाटलं तो शोक नव्हता. ती भीती होती. पिन आत राहिली असेल तर गाडी पहिल्या स्टार्टरला स्वतःला तोडून घेईल, आणि तुझ्या हातचं शेवटचं काम म्हणजे ते मोडलेलं इंजिन. मामीच्या दारात ती कधीच चालत येणार नाही. लोक म्हणतील, शेवटी हात चालत नव्हते त्यांचे. तुझ्याबद्दल कुणी असं म्हणावं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. म्हणून मी कुणालाच पिनबद्दल सांगितलं नाही, आणि एकटीनं शोधायला लागले. शेडमध्ये जमीन झाडली, पत्र्याचे डबे उपडे केले, चिंध्या झटकल्या. पिन नव्हती.

मग मी रोह्याला गेले. त्या दिवशीचा तुझा कामाचा शर्ट तिथे असणार होता. पण नवरा गेलेल्या बाईला, त्याच्या खिशात काय होतं ते बघ, असं कसं म्हणायचं? मी स्वयंपाकघरात बसले, चहा प्याले, उठले, परत बसले. मामीच म्हणाली, "काय शोधतेस गो कधीची?"

"पिन."

"हात्तिच्या. सेफ्टी पिन व्हय?" असं म्हणत तिचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. तिच्या बांगड्यांत नेहमी दोन-चार पिना अडकवलेल्या असायच्या, कुणाचीही ओढणी, कुणाचाही पदर तिथून सावरला जायचा. हात मनगटावर जाऊन थांबला. तिथे काहीच नव्हतं. आम्ही दोघी त्या मनगटाकडे बघत राहिलो.

मग मी सगळं सांगितलं. टेन्शनर, पिन, कट्, सगळं. इतकं मी तिच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. ती म्हणाली, "शर्ट मोरीत बादलीत हाय. मी नाय धुतला." आम्ही दोघींनी खिसे बघितले. एका खिशात रेल्वेचं तिकीट होतं. खिशाच्या कडेला काळ्या सीलंटचा तुझ्या अंगठ्याचा ठसा वाळून कडक झाला होता. पिन नव्हती. मामीनं शर्ट परत बादलीत ठेवला, होता तसाच.

"तुझ्या मामानं ती काढली असंल," ती म्हणाली.

"मला माहीत नाही, मामी."

"मलाबी नाय. पण गाडी चालत आण."

गडबहून तुझे मित्र इक्बालभाई आले. तुमच्या दोघांच्या भांडणांची मला सवय होती. कुवेतमध्ये त्यांनी मोठमोठी डिझेल इंजिनं उघडली आणि तू त्यांना म्हणायचास, तिकडं वाळू हाय, इकडं खाडीची हवा, तुझं ज्ञान विमानतळावर ठेवून ये. ते शेडमध्ये शिरले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बोनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. डोळे पुसले. मग दरवाजा उघडून आत बसले आणि चावी लावली.

"मारू काय स्टार्टर?"

"नको!"

मी इतक्या जोरात ओरडले की आई घरातून धावत आली. इक्बालभाईंनी चावीवरचा हात वर उचलला, पोलिसांनी पकडल्यासारखा. "अगं पोरी, आवाज हाय की तुला! तो म्हणायचा नाय म्हणून."

मी त्यांना पिनचं सांगितलं. ते गंभीर झाले. झाकण परत उघडायचं म्हणजे पुली काढा, खालचं सगळं सोडा, सीलंट खरवडा. "आणि मीच उघडणार. तो असता तर म्हणाला असता, माझ्यावर भरवसा नाय?"

तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं. तू कुठलंही इंजिन बंद केल्यावर म्हणायचास, स्टार्टरच्या आधी हातानं दोन फेरे. मशीनचा जोर आंधळा, हाताला कळतं. अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाय.

मी तेच म्हणाले. इक्बालभाईंनी मान हलवली. प्लग काढले, गाडीचं पुढचं चाक काढलं, पुलीच्या बोल्टला मोठा गोटी पाना लावला. मग पाना माझ्याकडे केला. "ऑइलच्या टोपीतून लांब चेनचं वरचं चाक दिसतं. मी वरून बघतो. तू फिरव. माझा हात ट्रकचा हाय, मला अडलेलं उशिरा कळल."

आई म्हणाली, "बाजूला हो, इक्बाल. मी बघते. डोळा मी काढलाय, मला ओळखता येईल."

मी चाकाच्या कमानीत आडवी झाले. पाना थंड होता. तुझ्यासारखं दोन्ही हातांनी धरलं आणि हळू दाबलं. काही झालं नाही. मग जरासं फिरलं. आत कुठेतरी काहीतरी कशावर तरी घासतंय असं वाटलं आणि मी थांबले.

"काय झालं?" आईनं वरून विचारलं.

"अडतंय."

"अडतंय की तुझा हात थांबतोय?" इक्बालभाई म्हणाले.

मला सांगता येईना. मामा, हेच तू शिकवायचं राहिलं. लोखंड अडलंय की मी, हे हाताला कसं कळतं? मी डोळे मिटले. परत दाबलं. फिरलं. परत. घाम डोळ्यांत गेला. प्रत्येक इंचाला वाटत होतं की आता टक् होईल आणि तो आवाज मी जन्मभर ऐकत राहीन. एक फेरा. दुसरा अर्धा. दुसरा पुरा.

"आला!" आई ओरडली. "आला गो डोळा वर! बरोबर जागेवर. माझ्याकडंच बघतोय मेला."

खालच्या दांड्याच्या दोन फेऱ्यांना वरचं चाक एकदा फिरतं. ठिपका जिथून निघाला तिथेच परत आला होता. इक्बालभाईंनी टोपीतून लांब स्क्रूड्रायव्हर घातला, चेन दाबली, परत दाबली. मी खालूनच त्यांचे पाय बघत होते. "ताठ हाय," ते म्हणाले. आणि मग, माझ्याशी नाही, तुझ्याशी: "काढलीस रे पिन, साल्या. सांगायला काय झालं होतं?"

प्लग परत बसवून आम्ही स्टार्टर मारला तेव्हा खडखड आली. तीच. डब्यात खिळे. मी चावी मागे फिरवायला गेले. इक्बालभाई ओरडले, "थांब, टेन्शनर नवा हाय, त्याच्या आत तेल भरू दे!" आणि खरंच, आवाज विरत गेला. पण त्यांनी बोनेट लावताना मला सरळ सांगितलं, की आत्ताचं काही धरायचं नाही. रात्रभर थंड होऊ दे. उद्या सकाळी पहिल्या स्टार्टरला आवाज आला नाही, तरच त्याचं काम झालं असं समज.

रोह्याला गाडी मी चालवली. आपलं ते भांडण तुला आठवत असेल. लायसन्स काढून झालं तरी मी हायवेला कधी गाडी घेतली नाही. दर वेळी तू म्हणायचास, आज रोह्यापर्यंत तू घे, आणि मी म्हणायचे, पुढच्या वेळी. "पुढची वेळ कुठल्या दुकानात मिळते गो? मला पण दोन आण." या वेळी इक्बालभाई बाजूला बसले आणि आई मागे, मांडीवर तुझी पान्यांची पेटी घेऊन. गडबला ट्रकनं मागून हॉर्न दिला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला थांबून घेतलं. नागोठण्याच्या पुढे परत थांबले. मला वाटत होतं की पिन आत कुठेतरी पडलीय, तेलात, आणि प्रत्येक खड्ड्याला सरकतेय. हे मला अजून वाटतं. ती पिन आजही सापडलेली नाही.

अंगणात गाडी तिच्या जागेवर लावली. मामी दारात उभी होती. "चालत आली?" तिनं विचारलं. "चालत आली," आई म्हणाली. मामी जवळ आली नाही. आत गेली आणि आमच्यासाठी भात टाकला.

मी तिथेच राहिले. सकाळी अंगणात गेले तेव्हा काचेवर दव होतं. बोनेटला हात लावून बघितला. थंडगार होतं. मामी बाहेर आली, पदरानं हात पुसत. तिला आदल्या दिवशीच कळलं होतं की खरं काय ते आता ठरणार आहे. ती बोनेटपाशी येऊन उभी राहिली, अगदी तू उभा राहायचास तिथे, आणि तिनं तळहात पत्र्यावर टेकवला.

"मार," ती म्हणाली.

मी चावी धरून बसले. मला पळून जावंसं वाटत होतं. वाटलं, नाही मारला तर निदान तुझं काम चुकलंय असं कुणाला कळणार नाही. मग काचेतून मामीचं मनगट दिसलं आणि मी चावी फिरवली.

काही आवाज आला नाही. खडखड नाही, खिळे नाहीत, पहिल्या सेकंदालाही नाही. इंजिन नुसतं सुरू झालं आणि सुरू राहिलं. मी ऐकत राहिले. इतकं मी कधीच काही ऐकलं नव्हतं. मला तरी वाटत राहिलं की येईल, आता येईल.

गेलं रे टेन्शन, मामा. चेनचं.

मी बंद करायला हात पुढे केला तर मामीनं काचेतून मान हलवली. "ऱ्हाऊ दे गो चालू," ती म्हणाली. "अजून थंड हाय. गरम होऊ दे."

तिनं हात तिथेच ठेवला होता.